बापूसाहेबांचं आखूड पत्र

"तिसऱ्यांदा परत आला!"

वच्छला तायडेने कागदांचा गठ्ठा टेबलावर असा आदळला की ओमप्रकाशच्या बशीतला चहा सांडला.

"शिक्षण कचेरीत दिलेला अर्ज," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणे कागद लांब आहे, नव्या सरकारी मापाचा आणा. आणला. मग म्हणे तक्ता उभ्या कागदावर चालत नाही, आडव्यावर करा. आता आडवा कागद घेणारं रुंद टाइपरायटर सगळ्या अकोल्यात एक, अन् त्याच्यापुढे ही रांग! केला. तर म्हणे आडवा केला ते ठीक, पण समास डावीकडे सोडला, वर सोडायला पाहिजे होता. गावंडेसाहेब, माह्या नावाची माती होऊन राहिली अन् हे लोक समास मोजून राहिले!"

सूर्यभान गावंडेने अमरावतीच्या कचेरीत वीस वर्षं दस्तऐवज तपासले होते. नोकरी सोडून आता तो खासगी तपास करायचा. सन त्रेसष्टच्या त्या उन्हाळ्यात नव्या मापाच्या कागदाने सगळ्यांचंच डोकं उठवलं होतं, त्याचंसुद्धा.

"अर्ज राहू द्या," तो म्हणाला. "झालं काय ते सांगा."

वच्छला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत चौदा वर्षं शिकवत होती. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांत जुनी तीच. पण चार महिन्यांपूर्वी शाळेच्या संचालक मंडळाने तिची फाइल उघडली आणि आत शाळेचे दिवंगत अध्यक्ष बापूसाहेब यांचं पत्र निघालं. 'सदर शिक्षिकेने फुटपट्टीने मारून एका मुलीचे बोट मोडले. तिच्या वडिलांना शब्द दिल्यामुळे मुलीचे नाव लिहीत नाही. सदर शिक्षिकेस मुख्याध्यापिका कदापि करू नये.'

"अन् तुम्ही मारलं होतं?" ओमप्रकाशने विचारलं.

ओमप्रकाश सायकलींचा दुकानदार, सूर्यभानचा जुना दोस्त. मनाने सोन्यासारखा, पण कुठे काय विचारावं याचा पत्ता नाही.

वच्छलाचे डोळे भरले. "मी कधी कोण्या पोरीवर हात उचलला नाही, भाऊ. पण लोक बोलतातच ना! सहा जणांनी आपल्या पोरी शाळेतून काढल्या. बाजारात बाया मले पाहून पोरींचा हात धरतात. उद्या दुपारी मंडळ माह्यासोबत शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाईची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक कायम करून राहिलं. त्याच्यानंतर माह्यं कोण ऐकणार?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. मूर्तिजापूरला दीड तास बंद पडून राहिली. सूर्यभानने ड्रायव्हरला, एस.टी.ला आणि शेवटी ओमप्रकाशला शिव्या घातल्या. शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि मंडळाची बैठक दोनला.

शाळेचा कारकून देवराव नाकावर चष्मा लावून बसलेला, अतिशय टापटिपीचा माणूस. त्याने वच्छलाची फाइल पुढे केली.

बापूसाहेबांचं पत्र त्यांनी स्वतःच्या घरच्या यंत्रावर टाइप केलेलं होतं. खाली सही आणि तारीख. वर मथळा नाही, नाव नाही, एकदम 'सदर शिक्षिकेने' अशी सुरुवात.

"बापूसाहेब नेहमी असंच लिहीत?"

"छे! वर नाव-गाव, मग विषय, मग मजकूर. अन् टाइप करायचे ते जुन्या लांब कागदावरच. हे पत्र पाहून मले नवल वाटलं, मी बोललोही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, हे खासगी टिपण आहे, फाइल बाईंची, मग वर नाव कशाले पाहिजे?"

"पण हा कागद तर लांब नाही."

"कापला असन. कचेरीत जुने लांब कागद घेत नाहीत, म्हणून मी सगळ्या जुन्या फायली कापून नव्या मापात बसवल्या. पंधरा दिवस तेच काम!" देवराव वैतागून म्हणाला. "लांबी कापा, मग रुंदीची बारीक पट्टी कापा. ब्लेड धरून बोटं सोलली माही."

"खालून कापता की वरून?"

"खालून. वर मजकूर असते ना. खालीही असला तर हात लावत नाही, नक्कल करतो."

सूर्यभानने पत्र फाइलीत परत ठेवलं. ओमप्रकाश म्हणाला, "हे बाहेर डोकावून राहिलं. बाकीचे कागद बरोबर बसतात, हेच एक उजवीकडून बाहेर."

"हं," सूर्यभान म्हणाला. त्याने पत्र पुन्हा काढलं आणि जुन्या घड्यांवरून ते हळूहळू दुमडू लागला. आडव्या तीन घड्या, म्हणजे चार पट्टे. खालचे तीन पट्टे एकमेकांवर तंतोतंत बसले. सगळ्यांत वरचा मात्र निम्म्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. मग त्याने फाइलीतलं बापूसाहेबांचं दुसरं एक पत्र घेतलं आणि तेही तसंच दुमडलं. त्यात सगळ्यांत खालचा पट्टा आखूड निघाला.

"बैठकीला तीन तास नाहीत आणि तुम्ही घड्या घालत बसलात!" ओमप्रकाश कुरकुरला.

*

प्रमोदिनीबाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. चारचौघींसारख्या, पांढऱ्या पातळातल्या. प्रश्न विचारले तेव्हा मान वर झाली नाही.

"मला त्या पत्रातलं काही माहीत नाही. मला कागदाबिगदाचं विचारू नका. देवराव जे माप सांगतात, ते मी मुलींना सांगते. लांबी इतकी, रुंदी इतकी. बस."

"मुख्याध्यापिका व्हायचंय ना तुम्हाला?"

"मामांना वाटतं," त्या म्हणाल्या. मग लाल शाईची रेघ वहीवर जरा जास्तच लांब गेली.

मामा म्हणजे शाळेचे सेक्रेटरी, हरिहरपंत वकील. ते आपल्या घरी, बैठकीच्या खोलीत, पान लावत बसले होते.

"सगळं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "बापूसाहेबांनी जाण्याआधी पत्र माझ्या हातात दिलं, मी ते तायडेबाईंच्या फाइलीत लावलं. पुढं देवरावने कापलं असेल. तो सगळंच कापतो! नव्या कागदात फरक तो काय, लांबी दोन बोटं कमी झाली, बाकी कागद तोच. त्यासाठी सरकारने एवढा गोंधळ घातला."

"फाइल कधी घरी नेली होतीत?"

"नेली होती की दोन दिवस. सेक्रेटरी आहे मी. काहून, नेऊ नये?"

"न्यावी ना," सूर्यभान म्हणाला आणि उठला.

रस्त्यात ओमप्रकाश हात चोळू लागला. "देवरावनंच केलं. कापणारा तोच."

"ओमप्रकाश, तू सायकलीच वीक," सूर्यभान म्हणाला. पण तो स्वतः वैतागलेलाच होता. चोर कळला होता. पत्रात नाव कुणाचं होतं ते सिद्ध करणारा तुकडा मात्र केव्हाच चुलीत गेला असणार.

*

दोन वाजता मंडळ बसलं. अध्यक्ष रामराव शेतकरी माणूस, गप्प आणि सावध. वच्छला एका कोपऱ्यात, प्रमोदिनीबाई दुसऱ्या. देवराव लिहायला बसला होता.

सूर्यभानने पत्र टेबलावर ठेवलं.

"हा कागद कापलाय यात वाद नाही. वाद एवढाच, कोणत्या बाजूने? बापूसाहेब कागद आधी दोनात, मग चारात दुमडत. चारही पट्टे सारखे. देवरावांनी कापलेल्या पत्रात खालचा पट्टा आखूड आहे, म्हणजे कोरी खालची बाजू गेली. या पत्रात वरचा पट्टा आखूड आहे. दोन बोटं वरून गेली. नाव आणि विषय असायचा, नेमकी तीच जागा."

रामरावांनी पत्र ओढून स्वतः दुमडून पाहिलं. दोनदा.

"देवरावानं चुकून वरून कापलं असन," हरिहरपंत म्हणाले.

"देवराव प्रत्येक कागद रुंदीलाही कापतात. नवा कागद अरुंद आहे, हे त्यांना ठाऊक. हा कागद फाइलीबाहेर डोकावतो, कारण याची रुंदी कुणी कापलीच नाही. ज्याने कापला त्याला वाटत होतं, नवा कागद फक्त लांबीला कमी. हे मला मघाशी तुम्हीच सांगितलंत, वकीलसाहेब. फाइलही तुमच्याच घरी होती. बापूसाहेबांनी पत्र दिलं तेही तुमच्याच हातात."

हरिहरपंतांच्या तोंडातलं पान थांबलं.

"तर्क आहेत हे! वरती तायडेबाईंचंच नाव नव्हतं, हे कशावरून?"

सूर्यभानने पत्राची कापलेली कड पुन्हा न्याहाळली; गेलेला तुकडा काही हाती नव्हता. रामराव वच्छलाकडे पाहू लागले आणि तिची मान खाली गेली.

"माझं नाव होतं."

प्रमोदिनीबाई उभ्या राहिल्या होत्या.

"खाली बस, प्रमोदिनी," हरिहरपंत म्हणाले.

"नाही, मामा. ती पोरगी मोर्शीला तिच्या मामाकडे गेली. करंगळी. माझ्याच पट्टीने. बापूसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की मी लिहिणार आहे. मंडळात पत्र वाचलं त्या दिवशीच मला कळलं, हे माझ्यावरचं आहे. मी बोलले नाही. मला ती जागा हवी होती." त्या वच्छलाकडे वळल्या. "खूप हवी होती."

वच्छला उठली. ती ओरडेल असं ओमप्रकाशला वाटलं, पण ती अगदी हळू बोलली.

"चार महिने, बाई. पोरी मले पाहून पळत होत्या. अन् तुमी रोज माह्या बाजूले बसून चहा पेत होत्या. तुमाले एक दिवसही काही वाटलं नाही?"

प्रमोदिनीबाई खाली बसल्या.

रामरावांनी घसा साफ केला. "हरिहरपंत, राजीनामा इथंच लिहा. तायडेबाई, उद्यापासून खुर्ची तुमची."

"खुर्ची राहू द्या बाजूले," वच्छला म्हणाली. "आधी त्या सहा घरी चिठ्ठ्या जाऊ द्या. तायडेबाईनं कोणाचं बोट मोडलं नाही, आमचं चुकलं, असं लिहा. देवरावभाऊ, लिहा. अन् खाली सगळ्या मंडळाची सही पाहिजे."

देवरावने टाक उचलला. प्रमोदिनीबाईंनी घाबरत विचारलं, "माझीपण?"

"तुमची पहिली," वच्छला म्हणाली आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.