चेंबरमधला पाना

“टाकी काठोकाठ भरलीया. म्या सोता वर चढून बघितलं,” गेणूआबा सगळ्यांना सांगत होते, आणि इकडे नळाखाली रूपाच्या आईची कळशी अजून अर्धीही झाली नव्हती. शनिवार होता आणि नळाला करंगळीएवढी धार होती. मागे हंड्यांची रांग वडाच्या पारापर्यंत गेली होती.

मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी रूपाची वाडी आहे. डोंगरावरच्या टाकीतून लोखंडी पाइपानं पाणी खाली येतं, आणि दुपारी गेणूआबा वरचा व्हॉल्व्ह उघडतात. बाकीचे दिवस धार बरी असायची, पण शनिवार-रविवार आला की ती अशी मलूल व्हायची. मे महिन्यात असंच व्हायचं, असं म्हणून मोठी माणसं गप्प बसली होती.

गप्प बसला नाही तो प्रज्ञेश. रूपाचा हा आतेभाऊ वराळ्याहून सुट्टीला आला होता. सहावीत जाणारा हा मुलगा झोपेतही प्रश्न विचारतो, असं त्याची आई म्हणायची. त्याचं म्हणणं सरळ होतं. टाकी भरलेली आहे आणि नळ कोरडा आहे, तर पाणी मध्येच कुठेतरी जातंय. गेणूआबा हसले आणि पाइपात गाळ बसला असेल म्हणाले. पण रूपाला ते पटलं नाही. गाळ बसला तर तो फक्त शनिवारी-रविवारी कसा बसेल?

तिसरी आयरा, रूपाची वर्गातली मैत्रीण. तिच्या अब्बांचं, फकरुद्दीनभाईंचं, कामशेतला हार्डवेअरचं दुकान. दोन दिवस मुक्कामाला म्हणून ती लोकलनं आली होती आणि डोंगर चढायला एका पायावर तयार होती. दुपारची भाकरी खाऊन तिघं टाकीपर्यंत चढली आणि पाइपाच्या कडेकडेनं उतरायला लागली.

पाइप कुठे उघडा होता, कुठे मातीखाली. अर्ध्या उतारापर्यंत काहीच दिसलं नाही. मग एका मोठ्या बंगल्याच्या कुंपणामागे, गाड्यांच्या कच्च्या रस्त्यालगत रूपा थांबली. सगळा डोंगर वाळून पिवळा पडला होता आणि तिथे अंथरुणाएवढा गवताचा तुकडा हिरवागार होता. पाय ठेवला की चिखल. गवत बाजूला केल्यावर खाली लोखंडी झाकण निघालं.

काठी घालून त्यांनी ते उचकटलं. खाली विटांनी बांधलेलं चेंबर होतं, माणूस बुडेल एवढं खोल, आणि भिंतीत लोखंडी पायऱ्या होत्या. आयरा उतरली. तिनं खालून हाक मारली तशी रूपा उतरली. वर एकटं थांबायला प्रज्ञेश तयार नव्हता, म्हणून तोही उतरला. एकानं वर राहायला हवं होतं, हे तिघांनाही नंतर कळलं.

खाली उभं राहायला जेमतेम जागा होती. प्रज्ञेशजवळ आईचा जुना फोन होता. त्यात सिमकार्ड नव्हतं, पण टॉर्च लागायचा. त्या उजेडात सगळं दिसलं. वाडीच्या पाइपाला छेद देऊन एक नवा काळा पाइप जोडला होता आणि तो बंगल्याच्या दिशेनं भिंतीत शिरला होता; भिंतीपलीकडे तो झिरपत असणार, म्हणून वर चिखल. वाडीच्या पाइपातून निघालेल्या फाट्यावर, काळ्या पाइपाच्या जोडाच्या आधी, व्हॉल्व्ह होता. व्हॉल्व्हचं फिरवायचं चाक कुणीतरी काढून नेलं होतं; चाक ज्यावर बसतं तो चौकोनी दांडा तेवढा वर आला होता. शेजारी विटेवर गंजलेला स्क्रूपाना पडला होता.

चाक का काढलं ते आयराच्या लक्षात आलं. वाडीतलं कुणी चुकून आलंच तर त्याला हातानं पाणी बंद करता येऊ नये. ज्याला बंद-चालू करायचं तो या पान्यानं करत असणार.

त्या बंगल्यात शनिवार-रविवार पाहुणे येतात, पोहण्याचा तलाव भरतात, हे रूपानं सांगितलं. तिची आई तिथेच झाडलोट करायची.

तेवढ्यात वर जीपचा आवाज आला.

प्रज्ञेशनं हाक मारायला तोंड उघडलं आणि रूपानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बंगल्याच्या माणसानं आपल्याला इथे पाहिलं तर आईचं काम जाईल, एवढंच तिच्या मनात आलं. वर कुणीतरी पुटपुटलं की झाकण उघडं टाकून गेले, कामाचं भान नाही. आत डोकावण्याची तसदी त्यानं घेतली नाही. पायानंच झाकण ढकललं. ते धाडकन बसलं. मग जीप थोडी पुढे आली, थोडी मागे गेली, आणि झाकणावर काहीतरी जड येऊन थांबलं. टायर.

इंजिन बंद झालं. पावलं दूर गेली.

मग मात्र तिघं ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. पण बंगल्यात पाहुण्यांसाठी गाणी लावून बघत होते, आणि त्या ढणढणाटात खालचा आवाज कुणाला ऐकू जाणार? झाकणाच्या दोन बारक्या भोकांतून उजेडाच्या दोन काड्या खाली आल्या होत्या, तेवढंच बाहेरचं जग उरलं होतं. भिंती थंडगार होत्या. ओल्या विटांचा वास नाकात बसला होता.

झाकण ढकलून बघू, जीप पूर्ण वर नसेलही, असं प्रज्ञेशनं ठरवलं. जोर लावायला पायऱ्यांवरून नीट टेकता येईना, म्हणून त्यानं एक पाय काळ्या पाइपावर रोवला आणि खांदा झाकणाला लावला. झाकण हललं नाही. पाइप हलला. जोड उखडला आणि पाण्याचा जाड लोट समोरच्या भिंतीवर आदळला.

पहिल्यांदा तिघं नुसती मागे सरली. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा रूपानं दोन्ही हातांनी जोड दाबून धरायचा प्रयत्न केला, पण लोटानं तिचे हात उडवून लावले. चेंबर पक्कं बांधलेलं होतं. पाणी आत येत होतं आणि जायला वाट नव्हती.

प्रज्ञेश पायरीला धरून उभा होता. “रूपाताई, मी मुद्दाम नाही केलं,” एवढंच तो म्हणाला.

“ठाऊक हाय मला. वर चढून बस आन् उजेड धर,” रूपा म्हणाली. आपला आवाज कापू नये म्हणून ती फार सावकाश बोलली.

आयराच्या हातात पाना होता. असे पाने तिनं दुकानात खिळ्यांना लटकवलेले शेकड्यांनी पाहिले होते, फडक्यानं पुसलेही होते, पण एकही कधी चालवला नव्हता. खालची आटे पाडलेली चक्री अंगठ्यानं फिरवली की एक जबडा पुढे-मागे सरकतो, इतकं तिला माहीत होतं. तिनं चक्री फिरवून जबडे चौकोनी दांड्यावर बसवले आणि दांडा आवळायच्या दिशेला जोर लावला.

पाना सटकला. तिची बोटं भिंतीवर आपटून सोलली गेली.

पुन्हा बसवला, पुन्हा सटकला. पाणी गुडघ्यांच्या वर आलं होतं. तिसऱ्यांदा तिनं ओढलं नाही, फक्त हळूच जोर दिला आणि प्रज्ञेशला उजेड अगदी जवळ आणायला सांगितलं. जोर दिला की सरकणारा जबडा तिरका होत होता आणि चक्री त्याच्यासोबत डुगडुगत होती. दुसरा जबडा मात्र ढिम्म होता.

तिनं पाना वर उचलून डोळ्यांपुढे धरला. हलणारा जबडा बारीक होता, खोबणीत नुसता बसवलेला, आणि खाली त्याचे चार दाते चक्रीच्या आट्यांत अडकलेले. न हलणारा जबडा जाड होता, आणि तो वेगळा नव्हताच. पान्याच्या मुठीतूनच वर आलेला, एका अखंड लोखंडाचा. ज्या कुणी हा पाना घडवला, त्यानं एक जबडा उगीच जाड ठेवला नसणार. जोर त्यानं खायचा. बारक्यानं फक्त माप धरायचं. आणि ती सगळा जोर बारक्यावर टाकत होती.

“आपण उलटा धरलाय,” आयरा म्हणाली. “बारका जबडा ज्या अंगाला, त्या अंगाला ओढायला हवं. मग सगळा जोर जाड्या जबड्यावर येतो.”

तिनं पाना पालथा केला आणि पुन्हा बसवला. आता चौकोनी दांडा पाण्याखाली गेला होता, दिसत नव्हता. बोटांनी चाचपून तिनं जाडा जबडा ओळखला. ओढलं. पाना धरून राहिला. दांडा करकरत थोडासा फिरला.

पण गंजानं चक्री सैल झाली होती. एकदा ओढलं की ती आपोआप मागे फिरायची आणि जबडे रुंदायचे. रूपानं ते पाहिलं. खाली वाकून, हनुवटी पाण्याला टेकवून तिनं आपला अंगठा चक्रीवर दाबला. “मी हिला हलू देत न्हाई. तू वढ,” ती म्हणाली.

मग दोघी लागल्या. आयरा ओढायची, रूपा दाबून धरायची. भिंत मध्ये येत असल्यामुळे थोडंसंच फिरायचं, की पाना काढायचा, पुन्हा बसवायचा, चक्री आवळायची, अंगठा ठेवायचा, ओढायचं. चक्रीचे आटे रूपाच्या अंगठ्यात रुतत होते. पाणी त्यांच्या छातीला लागलं. प्रज्ञेशनं एका हातानं पायरी धरली होती आणि दुसऱ्या हातानं फोन पाण्यावर उंच धरला होता. आपल्याला रडू येतंय हे त्यानं दोघींना कळू दिलं नाही. तो लोटाकडे बघून सांगत राहिला. कमी झालं. अजून कमी झालं. थांबू नका.

शेवटी दांडा फिरेना. आयरानं पूर्ण अंग टाकून एकदा ओढलं आणि कान दिला. पाण्याचा आवाज नव्हता.

तिघं पायऱ्यांवर एकमेकांना चिकटून बसली. बुडायचं राहिलं होतं, पण बाहेर पडायची वाट अजून नव्हती. दात वाजत होते. टॉर्च मंदावत गेला आणि विझला. उजेडाच्या दोन काड्या उरल्या. आपण इथे आहोत हे वरच्या एकाही माणसाला माहीत नाही, हे तिघांच्याही मनात होतं आणि ते कुणालाच बोलायचं नव्हतं.

बोलली ती आयरा. तलाव अजून भरायचा असणार आणि पाहुणे यायचेत, ती म्हणाली. पाणी बंद झालं की ज्यानं ते चोरून घेतलंय, तो बघायला इथेच येणार. त्याला दुसरी जागाच नाही.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. मग गाणी थांबली. जीप सुरू झाली. झाकणावरचं ओझं हललं आणि उजेड एकदम अंगावर कोसळला.

वर बंगल्याचा सुपरवायझर उभा होता, प्रदीप. तीन ओले चेहरे आणि खालचं काळं पाणी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आपण जीप कुठे लावली होती ते त्याला आठवलं असावं. तो गुडघ्यांवर बसला आणि हात पुढे करून म्हणाला, लवकर वर या, गरम दूध देतो, घरी सोडतो, झालं ते कुणाला सांगायचं काम नाही. मग त्यानं रूपाला ओळखलं. “तुझी आई आमच्याकडेच कामाला आहे ना गं?” त्यानं विचारलं.

प्रज्ञेशचा हात वर जाणारच होता. रूपानं तो धरला. आपण वर गेलो की झाकण बसेल, जोड दुरुस्त होईल, वर माती पडेल. मग सांगणारी तीन पोरं आणि नाही म्हणणारा एक मोठा माणूस. कुणाचं ऐकतील? तिला हुडहुडी भरली होती. आईचं कामही डोळ्यांपुढे होतं.

“भाऊ, आदी गेणूआबांना बोलवा,” ती म्हणाली. “त्यांनी हे वरून बघितलं की आमी वर येतो. तवर न्हाई येत.”

प्रदीपनं समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. आत अडकलेली मुलं बाहेर यायला तयार नव्हती आणि बाहेरचा माणूस घामाघूम झाला होता. झाकण पुन्हा लावण्याइतका तो वाईट नव्हता, आणि पळून जाण्याइतकी हिंमतही त्याच्यात नव्हती.

गेणूआबांना बोलवावं लागलं नाही. खाली वाडीत नळाला एकाएकी असा जोर आला होता की कळशी आडवी झाली. बायका हंडे भरायला धावल्या, पण आबांना चैन पडेना. काठी टेकत ते पाइपाच्या कडेनं वर निघाले, आणि पोरं अजून कशी परतली नाहीत म्हणून रूपाची आई त्यांच्या मागोमाग आली. दोघांनी एकदमच आत डोकावलं.

आबांनी आधी एकेकाला वर घेतलं. मग उखडलेला काळा पाइप, चाक नसलेला व्हॉल्व्ह, आयराच्या मुठीतून अजून न सुटलेला पाना, सगळं शांतपणे बघितलं. प्रदीपनं काही लपवलं नाही. बोअरला पाणी राहिलं नव्हतं, मालकाला सांगायची भीती वाटली, म्हणून हा जोड दिला, असं तो खाली मान घालून म्हणाला. रूपा आईकडे बघायला घाबरत होती. आईनं तिचा सोललेला अंगठा पदरात गुंडाळला.

“काम गेलं तर दुसरं मिळंल,” आई म्हणाली. “तू वर आली न्हाईस, ते बरं केलंस. पर पुन्यांदा असं न सांगता कुटं गेलीस तर बघ.”

सरपंच आले, फोटो काढले, आणि सगळ्यांसमोर काळा पाइप कापला गेला. मालकानं फोनवर माफी मागितली. झाडलोटीच्या कामाला आई सोमवारी नेहमीसारखी गेली. कुणी तिला नको म्हटलं नाही. प्रदीप तिथे नव्हता.

पोरं वर आली त्याच संध्याकाळी आयराला न्यायला फकरुद्दीनभाई धावत आले. आधी ते लेकीवर खूप रागावले. मग त्यांनी पाना हातात घेतला आणि चक्री हलवून बघितली. असल्या पान्यानं सायकलचा नट खोलायलाही मी धजलो नसतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गेणूआबा प्रज्ञेशच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू इचारलंस तवा म्या हसलो. हसायला नको हुतं, बाळा. इतकी वरसं मी पानी सोडतोय, पर पाइपाच्या संगं चालत एकदाबी आलो न्हाई.”

तिघं चिखलानं माखलेली होती आणि अजून कुडकुडत होती. ज्या वाडीत दर शनिवार-रविवारी तांब्या-तांब्यानं पाणी मोजलं जायचं, तिथल्या बायकांनी कुणाला न विचारता चुली पेटवल्या, आणि सगळ्यांत मोठे तीन हंडे काठोकाठ भरून या मुलांच्या आंघोळीसाठी तापत ठेवले.