सतरावी पेटी

रेमंड डाबरेनं स्पीकरच्या पडद्यावर मूठभर तांदूळ टाकले आणि इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली. दाणे वेड्यासारखे उडाले. आवाज मात्र नेहमीचाच, मधासारखा.

"तांदूळ एवढे नाचतायत, म्हणजे खरखर आहे," तो शेजारच्या डॉ. मृदुला कारखानीसांना म्हणाला. "मग मला ऐकू का येत नाही?"

"तुमची कर्णिका येऊ देत नाही."

त्या काळी पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या कानात मोहरीएवढी कर्णिका बसवत. येणारा आवाज ती आधी ओळखायची, साठवलेल्या नमुन्यांशी ताडून घासूनपुसून घ्यायची आणि मगच मेंदूकडे सोडायची. बेसूर गाणं, चिरका गळा कुणाच्याच वाट्याला येत नसे. मृदुलाताईंची उमेदीची वर्षं ही जुनी कर्णिका आणखी हुशार करण्यात गेली होती.

"आणि तिला ओळखताच न येणारा आवाज काढला तर?"

ताई थबकल्या. "तर ती गोंधळेल. काही सेकंद सगळंच जसंच्या तसं आत सोडेल."

रेमंडला तेवढंच हवं होतं. बिस्किटांचा डबा, वजनकाट्याची स्प्रिंग, शिलाई मशीनची मोटर, जे हाती लागेल ते जोडून त्यानं गिटारचा आवाज बिघडवणाऱ्या सोळा पेट्या बनवल्या. सगळ्यांतून मधच आला. सतरावी त्यानं मेव्हण्याच्या लग्नात, वसईच्या मांडवात, भर दुपारी गिटारला जोडली आणि पायानं बटण दाबलं.

म्हैस शिंकावी, पत्रा फाटावा आणि कुणीतरी आनंदानं किंचाळावं, असं सगळं एकदम बाहेर पडलं. मांडवातली सगळी डोकी वळली. मग नवरदेव हसला, आणि त्याचं ते घोड्यासारखं खिंकाळणं लोकांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं! "अरे, हा माझा आवाज?" फादर भसाड्या गळ्यानं ओरडले. म्हाताऱ्या एकमेकींना हाका मारून बघू लागल्या. जो तो हसत होता, नाचत होता.

तार घुमतच होती. रेमंडची बायको सॅबिना गर्दीतून धावत आली.

"रे... रे... रेमंड!"

"तू अडखळतेस?"

"ज... जन्मापासून." ती हसत होती, रडतही होती. "बारा वर्षांत तुला क... कळलंच नाही. मला तुला एक सां... सांगायचंय. मी..."

मध्येच तिचा आवाज गोड, सलग झाला. "मी खूप खूश आहे."

रेमंडनं घाईनं पुन्हा बटण दाबलं. मध.

"शिकली कर्णिका," हौसेनं लग्नाला आलेल्या मृदुलाताई जवळ येऊन म्हणाल्या. "आता हा आवाज तिच्या ओळखीचा झाला. तुम्हाला अठरावी पेटी करावी लागणार."

"करीन की! पण ताई, हिचं वाक्य पुरं कुणी केलं?"

"कर्णिकेनं. समोरचा अडखळला की पुढचे शब्द ती अंदाजानं भरते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर असतो."

"बहुतेक वेळा?"

त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. वाक्य केव्हाच संपलं होतं. तिचे ओठ अजून हलत होते.