पैनगंगेवर तापलेलं इंजिन

पैनगंगेच्या जंगलात वणव्यापलीकडे अडकलेल्या वनरक्षक वैष्णवीला आणि तिच्या दोन मजुरांना शोधायचं, एवढ्या एकाच कामासाठी भैरवीने आपलं एका इंजिनाचं विमान फुलसावंगीच्या उघड्या शेतात उतरवलं. मे महिना, दुपारचे दोन. वैष्णवीचा भाऊ मंदार वॉकीटॉकी घेऊन तिथेच थांबला होता. दरीतून वॉकीटॉकीवरचा आवाज गावापर्यंत येत नव्हता. विमानातून कदाचित ऐकू आला असता.

इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो निवावा म्हणून भैरवीने इंजिन चार मिनिटं मंद चालवून मगच बंद केलं. ती खाली उतरते न उतरते तोच शेतमालक पुंडलिकराव पाण्याची बादली घेऊन इंजिनाच्या तोंडाशी!

तिने झेप घेऊन बादली हिसकावली. अर्धं पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

"ट्रॅक्टर तापला का आम्ही असंच करतो, बाई," पुंडलिकराव गोरेमोरे होऊन म्हणाले.

तापल्या सिलिंडरवर गार पाणी पडलं की तो तडकतो, मग त्या तिघांना कोण शोधणार, असं तिने त्यांना चांगलंच सुनावलं. म्हाताऱ्याचा हेतू चांगला होता हे कळूनही तिचा राग उतरेना.

मंदारला घेऊन ती उडाली. समोर डोंगर, डोंगरावर धुराची भिंत. टर्बो उंचावरच्या विरळ हवेतही इंजिनाला दम पुरवतो, पण तापवतोही भट्टीसारखं. त्यात बाहेर पंचेचाळीस अंश. तापमानाचा काटा चढला. आणखी चढला. लाल रेघेला टेकला!

भैरवीने विमानाचं नाक खाली केलं, वारा खेळावा म्हणून इंजिनावरच्या आवरणाच्या झडपा उघडल्या, जादा पेट्रोलने इंजिन निवतं म्हणून तेही वाढवलं आणि डोंगराकडे पाठ करून मोठी घिरटी घातली.

"गोल गोल कायले फिरून राह्यल्या? सरळ घ्या ना!" मंदार खेकसला.

"सरळ घेतलं तर इंजिन जाईल आणि आपण त्याच आगीत पडू. गप्प बसा."

तो दातओठ खात बसला. तिचंही डोकं तापलेलंच होतं, पण काटा हळूहळू उतरत होता आणि दर घिरटीला विमान थोडं थोडं वर चढत होतं. तिसऱ्या घिरटीला धुराचा माथा पंखांखाली गेला. पलीकडे नदीच्या कोरड्या वाळूत तीन माणसं हात हलवत होती!

मंदारने वॉकीटॉकी तोंडाशी धरला, पण बटण दाबायच्या आतच त्यातून वैष्णवीचा आवाज आला, घोगरा आणि संतापलेला.

"कालपासून हाका मारून राह्यली मी. मेलते का सगळे?"

भैरवीने वरून पाहून सांगितलं, दक्षिणेला आग नाही, वाळू धरून चला. तासाभरात तिघंही वनखात्याच्या जीपपाशी पोचली. वाटभर वैष्णवी वॉकीटॉकीवरून भावाला शिव्या घालत होती, आणि मंदारने जन्मात पहिल्यांदाच तिला उलट उत्तर दिलं नाही.