जास्तीत जास्त हात दोन

गेम खेळणाऱ्याला हात दोनच असतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये मी पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं: जास्तीत जास्त हात, दोन. इतक्या साध्या गोष्टीवर विचार करायचा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गेम खुणांची भाषा शिकवणारा होता. पडद्यावरची बाहुली हातांनी खूण करून दाखवते, खेळणारा कॅमेऱ्यासमोर तशीच करतो, जमली की बाहुलीच्या अंगणात एक झाड उगवतं. लोकांना आम्ही 'सर्व बहिऱ्या मुलांसाठी' असं सांगायचो. मी तो माझ्या लेकीसाठी करत होतो. चौथ्या वर्षी तापात तिचे कान गेले, मग बोलणंही आटलं. आता ती सहा वर्षांची होती आणि दिवसभर हात फ्रॉकच्या खिशांत घालून बसायची.

मला स्वतःला एकही खूण येत नव्हती. प्रत्येक खुणेतल्या बोटांचे कोन तोंडपाठ होते, पण हात कीबोर्डवरून उचलायला फुरसत नव्हती.

"तिला गेम नकोय, बाप हवाय," बायको म्हणायची.

"एवढं व्हर्जन हातावेगळं होऊ दे," मी म्हणायचो. अशी सहा व्हर्जनं झाली.

खुणा करून दाखवायला बहिऱ्यांच्या शाळेतल्या एक बाई यायच्या, स्वतः जन्मापासून बहिऱ्या. त्यांची उजवी करंगळी लहानपणी मोडलेली, सरळ होत नसे. मुलांना चुकीचं वळण नको म्हणून मी बाहुलीची करंगळी एकेका खुणेत सरळ केली. बाईंना ते आवडलं नाही. मुलाच्या मागे उभं राहून त्याचे हात आपल्या हातांत घ्यायचे, ही त्यांची शिकवायची रीत. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी कागदावर लिहिलं होतं, 'हा मागे उभा राहील का?' मी हसण्यावारी नेलं. निम्म्या खुणा चित्रित व्हायच्या होत्या आणि बाई हृदयविकाराने गेल्या.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी लेकीला ऑफिसात आणलं. कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तिने चक्क खिशांतून हात काढले. 'घर' केलं. अगदी बरोबर. गेम म्हणाला, चूक.

प्रोग्रॅम गोंधळला की तो काय बघतोय ते बघायचं. मी दोनची मर्यादा काढली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला: चार.

"कपाटाच्या काचेत दिसत असतील रे," आमचा चित्रकार म्हणाला. काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. चार. खिडकीचा पडदा ओढला, खुर्ची बदलली. चार. चित्रकार बसला तेव्हा दोन. मी बसलो, दोन. लेक बसली की चार.

शेवटी बोटांच्या सांध्यांवर ठिपके दाखवायला लावले. लेकीच्या इवल्या हातांवर ठिपके होतेच. त्यांना बाहेरून वेढून आणखी दोन हातांचे ठिपके होते, मोठ्या माणसाचे. त्यातली उजवी करंगळी वाकडी होती.

"बंद कर ते," चित्रकार म्हणाला. मी बंद केलं नाही, तेव्हा तो चहाला म्हणून गेला आणि त्या दिवशी परत आला नाही.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण अंगणात एकोणीस झाडं झाली होती आणि माझी लेक दोन वर्षांनी हसत होती. हसू तरी कसं, पार खिदळत होती.

मग ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने एक खूण केली. ती गेममध्ये नव्हती. हवेत बोटांनी टकटक, मग तळवा पलीकडे वळवलेला. माझ्या छातीवर बोट टेकवून तिने ती पुन्हा केली.

बहिरी माणसं एकमेकांना खुणांचीच नावं देतात, हे बाईंनी मला लिहून सांगितलं होतं. हे माझं नाव होतं. टकटक करणारा, पाठमोरा.

मी हात वर केले. आयुष्यात पहिल्यांदा हातांनी तिच्याशी काही बोलायचं होतं आणि कसं बोलायचं ते येत नव्हतं. हात नुसते हवेत राहिले.

लेकीने माझ्या डोक्याच्या जरा वर पाहिलं आणि मान डोलावली.

माझ्या मनगटांना ऊब लागली.

बोटांनी हवेत टकटक केली. मी करत नव्हतो. मग तळवा वळला, पलीकडे नाही, तिच्याकडे.

लेकीने ते नवं नाव एकदा करून पाहिलं आणि धावत येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारली.

तिला उचलून घ्यायला मी हात खाली आणू लागलो. ते खाली येईनात. ते पुढची खूण करायला लागले होते.