चुकांच्या वहीतली मेंढी

तिने तो कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यात मेंढीच निघाली.

नमुना सरावाचा होता, म्हणजे तिचा स्वतःचाच. लघवीत कुठली प्रथिनं आहेत ते यंत्राने शोधायचं आणि यादी छापून द्यायची, एवढं साधं काम. यादीच्या पहिल्याच ओळीत मेंढीचं केरॅटिन होतं. माणसाची प्रथिनं त्याखाली. यंत्राचं म्हणणं खरं धरलं, तर संशोधन करणारी मुलगी निम्मीअधिक मेंढी होती.

लॅबमध्ये तिला सगळे ‘धांदल’ म्हणत आणि तिने ते नाव कधी खोटं पाडलं नव्हतं. दोन जिने उतरून ती धाडकन तळमजल्यावरच्या यंत्राच्या खोलीत शिरली.

“हा नमुना कोणाचा आहे, माहीत आहे तुम्हाला?”

यंत्रासमोर बसलेल्या माणसाने मान वळवली. “नळीवर नाव नव्हतं.”

“माझा आहे.”

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हिरव्या स्वेटरकडे, मग स्वेटरच्या उजव्या कोपराकडे. तिथे लोकर विरून नाण्याएवढं भोक पडलं होतं. “मग मेंढी तुमच्या आत नाही,” तो शांतपणे म्हणाला, “अंगावर आहे. बाहेर व्हा.”

“काय?”

“स्वेटर घालून आत यायचं नाही. बाहेर खुंटी आहे.”

हा हातमोजे. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. पण सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत याच्या हातात निळे मोजे, म्हणून कोणीतरी ते नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की एका कंपनीकडून ‘श्री. हातमोजे’ यांना पत्रही आलं होतं. नावाला आडनावाचा डौल होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. त्यानेही पत्राला निमूटपणे उत्तर धाडलं.

स्वेटर खुंटीला अडकवून, थंडीने अंग चोरत ती परत आत आली. खोली यंत्राच्या सोयीने गार ठेवलेली होती. माणसांच्या सोयीचा तिथे कोणी विचार केलेला नव्हता.

“केस, कातडी, नखं, लोकर... सगळं केरॅटिन,” तो सांगू लागला. “तुम्हाला दिसणारही नाही एवढा धागा नळीत पडला, तरी याला दिसतो. माणसाचं केरॅटिन रोजच सापडतं. मेंढी मात्र पहिल्यांदाच आली.” मग त्याने कपाटातून एक जाड वही काढून तिच्यात एक ओळ लिहिली. “सही करा.”

वहीवर ‘चुका’ एवढंच लिहिलं होतं. आत चार रकाने होते: तारीख, काय सापडलं, कारण, उपाय. तिने वरच्या ओळी चाळल्या. ‘दाढी.’ ‘कोंडा.’ ‘मांजर (घरचं).’ शेवटच्या ओळीची शाई अजून ओली होती. ‘मेंढी. कारण: हिरवा स्वेटर. उपाय: खुंटी.’

नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, तरी तिला हसू आलं. सही करताना तिने मुद्दाम मोठं अक्षर काढलं.

त्यानंतर चार महिने ती रोज तळमजल्यावर जात होती. काम होतंच. काम नसलं, तर ते निघत होतं.

“चौथ्यांदा विचारतेय्‌स तू त्याला नळ्या कशा धुवायच्या ते,” मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला वाढवलं मावशीनेच, आणि तो हिरवा स्वेटरही मावशीनेच विणलेला. “एवढ्यात माझी भांडी धुऊन झाली असती.”

“शास्त्र आहे ते, मावशी.”

“असेल. नाव काय शास्त्राचं?”

नाव सांगण्यासारखं घडलं तरी काय होतं? दुसऱ्या आठवड्यात खुंटीशेजारी एक जाड सुती कोट दिसायला लागला, बाईमाणसाच्या मापाचा, धुतलेला, इस्त्री केलेला. कोणी ठेवला हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. कोट घालून ती स्टुलावर बसायची आणि यंत्राचा घूं घूं आवाज ऐकत दोघं पडद्यावरच्या रेघा बघायची.

“जेवताना तरी काढता का ते मोजे?” तिने एकदा विचारलं.

“काढतो.”

“कोणी पाहिलंय?”

त्याने थोडा विचार केला. “आईने.”

“मग आईचा शब्द मानायचा आम्ही?”

“नमुना एकच आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “त्यावरून निष्कर्ष काढू नये.” आणि पडद्याकडे वळला. पण त्याचे कान लाल झाले होते. कानांवर मोजे नव्हते.

खऱ्या कामाचं सांगायचं, तर ते असं होतं. प्रथिन म्हणजे लांब माळ धरली, तर तिचा तुटलेला लहानसा तुकडा म्हणजे पेप्टाइड. किडनी बिघडायला लागली, की असे काही तुकडे लघवीतून वाहून जात असणार, आणि नेमका तुकडा ओळखता आला, तर आजार दिसायच्या आधी एक-दोन वर्षं कळेल, असा तिचा अंदाज होता. तिच्याकडे जुने, गोठवून ठेवलेले चोवीस नमुने होते. त्यातल्या बारा जणांची किडनी पुढे निकामी झाली, बारा जणांची ठीक राहिली. तिच्या आईच्या किडनीचं कळलं, तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. ही गोष्ट ती कोणाला सांगत नसे. हातमोजेला मात्र एका दुपारी, रेघा बघता बघता, सांगून बसली होती. त्याने नुसती मान हलवली होती आणि त्या दिवशी तिच्या नळ्या स्वतः धुतल्या होत्या.

आणि तुकडा सापडला. तेरा मण्यांचा. आजारी पडलेल्या बाराच्या बारा जणांत होता, बाकीच्यांत एकातही नाही. वरच्या मजल्यावर पेढे नसले, तरी बिस्किटांचे चार पुडे फुटले. मॅडमनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, पुढच्या महिन्यातल्या परिषदेत तिचं नाव दिलं. पोस्टर छापून भिंतीवर लागलं.

दुसऱ्या दिवशी हातमोजे पहिल्यांदाच जिने चढून वर आला. पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला. मग तिच्या टेबलाशी आला.

“आजारी लोकांचे नमुने सोमवारी लावले होते तुम्ही?”

“हो.”

“आणि ठीक लोकांचे मंगळवारी?”

“हो. का?”

“सोमवारी यंत्र नुकतंच साफ केलेलं असतं. बारीकसारीक सगळं दिसतं त्याला. मंगळवारपर्यंत ते मळतं.” तो थांबला. “मग हा फरक किडनीचा आहे, की वारांचा... मला सांगता येत नाही.”

ती खुर्चीतून उठली. “मग तेव्हा का नाही बोललात?”

“नळ्यांवर नुसते आकडे होते. कोण कुठल्या गटातलं, ते मला आज पोस्टरवरून कळलं.”

“पुन्हा लावायचे म्हटलं, तर नमुना एकदा पुरेल एवढाच आहे,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “एकदाच. काही बिनसलं, तर तीन वर्षं पाण्यात. तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय.”

“बाराच्या बारा जणांत आहे तो! कोणी विचारलंही नसतं!”

“नसतंच विचारलं,” तो म्हणाला. “पण उद्या एखाद्या बाईची तपासणी होईल, मंगळवारी. यंत्र म्हणेल, काही नाही, ठीक आहे. आणि ती घरी जाईल.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती फार बोलली. तळमजल्यावर जाऊन, आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून, दार आपटून निघाली. धांदलच ती. स्वेटर खुंटीवरच राहिला.

आठवडाभर ती खाली फिरकली नाही. “शास्त्र कसं आहे?” मावशीने विचारलं. “शास्त्र दुष्ट आहे,” ती म्हणाली. मावशीने स्वेटर कुठेय म्हणून विचारलं, तर ती लॅबमध्ये म्हणाली. दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच वाकून पाहिलं, तर खुंटी रिकामी होती. घरी असेल, असं ती धरून चालली.

तिला राग कशाचा आला होता, हे तिला पाचव्या दिवशी नीट कळलं. तो चुकला असता, तर तिने त्याला धुऊन काढलं असतं आणि विसरून गेली असती. तो बरोबर होता. आणि बरोबर असूनही तिच्याशी बोलताना त्याचा आवाज दुखावल्यासारखा होता, ते तिला विसरता येत नव्हतं.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “काम तुझं आहे, तू ठरव,” त्या म्हणाल्या. “पण ठरवून आलेली दिसतेस.” मग त्यांनीच चोवीस नळ्यांवर नवे आकडे घातले, सगळ्या मिसळल्या, आणि कोणता आकडा कोणाचा ते लिहून पाकीट बंद करून खणात ठेवलं. आता तिलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही.

बुधवारी सकाळी ती नळ्या घेऊन खाली गेली, तेव्हा हातमोजे यंत्र उघडून बसला होता.

“आज नाही लावता येणार,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “आधी नुसतं शुद्ध पाणी घालून बघतो मी. त्यात काहीच सापडायला नको. आज त्यात मेंढी आहे.”

“माझ्या अंगावर सुती आहे सगळं,” ती म्हणाली. “हवं तर तपासा.”

“तुमची नाही चूक. वहीत लिहिलंय.”

“वही वाचायला वेळ नाही मला.” आणि ती परत वर निघून गेली.

त्याने बुधवार अख्खा यंत्र धुण्यात घालवला, हे तिला नंतर कळलं. प्रत्येक नळी, प्रत्येक सुई. तिचा नमुना एकदाच पुरणार होता आणि त्यात एकही धागा पडू द्यायचा नव्हता.

गुरुवारी पाण्यात काही सापडलं नाही. चोवीस नमुने एकामागून एक यंत्रात गेले, शुक्रवारी दुपारी शेवटचा संपला. मॅडमनी पाकीट खाली आणून फोडलं आणि मोठ्याने आकडे वाचले. ती कागदावर खुणा करत गेली. घाईत खुणा वाकड्या आल्या.

आजारी बारांपैकी दहा जणांत तुकडा होता. ठीक असलेल्यांपैकी एकात होता.

“दहा,” मॅडम म्हणाल्या. “बारापेक्षा मला हा आकडा जास्त आवडला. पोस्टर बदल.” तिच्या पाठीवर थाप मारून त्या वर गेल्या.

तिचा जीव भांड्यात पडला. आधीचा निकाल दिसायला देखणा होता, पण तो तिला कधीतरी तोंडघशी पाडणारा होता. हा तिचा होता, खरा होता, आणि यावर ती कोणापुढेही उभी राहू शकत होती. तिला रडू आलं. ते तिने सुती कोटाच्या बाहीला पुसलं.

हातमोजेने वही तिच्यापुढे सरकवली. “बुधवारची नोंद राहिलीय. ज्याचं काम थांबलं, त्याची सही लागते.” आणि तो पाठ करून स्क्रू घट्ट करायला लागला. स्क्रू आधीच घट्ट होते.

तिने वाचलं. ‘मेंढी. कारण: ऑपरेटर. खुंटीवरच्या स्वेटरचं कोपर जेवणाच्या सुट्टीत रफू केलं. हातमोजे घातले नव्हते, त्यांत सुई नीट धरता येत नाही. धागे बाहीला लागून आत आले.’

तिने पुन्हा वाचलं. या इमारतीतल्या सगळ्यांत स्वच्छ माणसाने लोकर मांडीवर घेतली होती. तीही उघड्या हातांनी.

“उपायाचा रकाना रिकामाच आहे,” ती म्हणाली.

“सुचला नाही.”

“तीन दिवसांत?”

“स्वेटर परत करणं हा उपाय होता.” त्याने कपाटातून एक बंद पारदर्शक पिशवी काढली. आत हिरवा स्वेटर घडी घालून ठेवला होता आणि पिशवीवर नमुन्यासारखी तारीख टाकली होती. “पण त्याने भागेल, असं वाटत नाही. स्वेटर नसला, तरी... मी खुंटीकडे बघतोच.” तो वळला. कान पुन्हा लाल. “मला तुम्ही आवडता. खूप आवडता. याला वहीत रकाना नव्हता.”

तिने पिशवीतून कोपर बघितलं. रफू बारीक होतं, सरळ होतं, फक्त धाग्याचा हिरवा किंचित वेगळा होता. मावशीने नाक मुरडलं असतं आणि मग दोन दिवस शेजारणीला दाखवलं असतं.

तिने पेन घेतलं आणि रिकाम्या रकान्यात सावकाश, धांदल न करता लिहिलं. मग वही त्याच्याकडे फिरवली.

‘उपाय: रफू मावशीला दाखवायला रविवारी चार वाजता स्वतः यावं. हातमोजे आणू नयेत.’

त्याने ते वाचलं. मग आणखी एकदा वाचलं, जसं तिने पहिल्या दिवशी मेंढीचं वाचलं होतं.

“सही करा,” ती म्हणाली.

“मोजे घालून सही नीट येत नाही.”

“मग काढा.”

“इथे नाही,” तो म्हणाला. “आत काढायचे नाहीत. नियम आहे.”

म्हणून दोघं वही घेऊन दाराबाहेर, खुंटीपाशी आले. त्याने एकेक बोट ओढून मोजे काढले. हात साधेच होते, थोडे कोरडे, आणि उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचल्याच्या तीन खुणा. त्याने सही केली. पेन परत घेताना तिने पेनाऐवजी हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“आता हे धुवावे लागतील,” तो हळूच म्हणाला.

“धुवा,” ती म्हणाली. “सोमवारी.”

सोमवारी शुद्ध पाण्यात माणसाचं केरॅटिन नेहमीपेक्षा जास्त आलं. कोणाचं, ते यंत्राला सांगता येत नाही. वहीत मात्र कारणाच्या रकान्यात दोन सह्या आहेत.