मांजराला न दिलेला घास

रोटिया सात वर्षांची. खाटेवर पडलेली, ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. बोलत नव्हती.

"नाडी बघ," तेवेया म्हणाला. निकुतारा बेटावरच्या दवाखान्याचा तो एकटाच डॉक्टर.

सार्जंट कौतुनाने पोरीचं मनगट धरलं. एक ठोका. मग काहीच नाही. त्याला वाटलं संपलं. मग परत एक.

"काय खाल्लं हिने?"

"तेच तर तू शोधायचंस." तेवेयाने कपाटातून एक बाटली काढली. "ही एकच आहे. खडकातल्या माशाचं विष असेल तर ही शिरेतून सोडतो, पोरगी वाचेल. पण उंदराचं औषध असेल तर हिच्या किडन्या गेल्यात, आणि मग हीच बाटली हिला मारेल. अंदाजाने मी लावणार नाही. मासा की औषध, एवढंच सांग."

"कधीपर्यंत?"

"लवकर. दुपार कलली की ही बाटली आणि पाणी सारखंच."

ताबोना, पोरीची आई, भिंतीला टेकून बसली होती. "काल तेरावा गावात माहेरी गेलो होतो, दादा. निघताना ही हात चाटत आली. आजोबांनी पातेल्यातलं दिलं म्हणाली. मी बघितलं नाही."

तेवढ्यात कौतुनाच्या कमरेचा वायरलेस खरखरला. तेरावा गावातून. तराइया आजोबा गेले. रात्रभर उलट्या, पहाटे संपले.

ताबोनाचा बाप.

ती ओरडली नाही. पोरीचा पाय तेवढा घट्ट धरला.

कौतुना तिच्यासमोर उकिडवा बसला. "ताई, रोटिया इथे आहे हे गावात कळता कामा नये. तुझ्या आईलासुद्धा नाही. कुणी मुद्दाम केलं असेल तर त्याला वाटू दे, एकच मेलाय. मग तो सैल बोलेल."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. "पण लवकर कर."

*

तेरावा पुलापलीकडे. कौतुनाने मोटरसायकल दामटली.

तराइया चटईवर झोपवलेला. गावाच्या म्हाताऱ्यांचा पुढारी. अंगात विद्यापीठाचं चिन्ह असलेला निळा शर्ट. उशाशी लाल छत्री.

"हा शर्ट कुणाचा, आजी?"

"एरेतीचा, मासे तपासते ती," मोआनिबा आजी म्हणाली. तराइयाची बायको. रडून झालं होतं, आता आवाज कोरडा होता. "मागितला."

"छत्री?"

"तिचीच. मागितली."

"आणि कालचं पातेलं?"

"तेही. तिच्या दारात ठेवलेलं होतं म्हणे. माडी काढून येताना रोज तिच्या दारावरून यायचा. दिसेल ते मागायचा. एकदा तिच्या पायातली चप्पल मागितली. घालून आला, टाचा बाहेर!"

ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर दाबला.

निकुतारावर कुणी तोंड उघडून मागितलं की नाही म्हणता येत नाही. म्हणणारा जगतो, पण त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

"पातेल्यात काय होतं?"

"नारळाच्या रसातला मासा. म्हणाला, आज एरेतीच्या घरी डब्यातलं नाही, खरा मासा शिजलाय. मला नाही दिला. बाहेर ओट्यावर बसून खाल्ला, मी आत प्रार्थनेला बसले होते. पातेलं मीच घासलं." ती थांबली. "चकाचक घासलं रे."

ओट्यावर एक भुरं मांजर बसलं होतं. गुबगुबीत.

"हे उरलंसुरलं खातं वाटतं?"

"उरलंसुरलं? पहिला घास त्याचा! नव्या वाटेचा मासा असला की आधी मांजर. मांजर तासभर नीट राहिलं की मग आम्ही."

"काल दिला?"

"नाही." आजीने मांजराकडे बघितलं. "केवढं ओरडत होतं. मी आतून म्हटलं, अहो, त्याला द्या की. म्हणाला, आज गरज नाही."

कौतुना दारात थबकला. मग बाहेर पडला.

*

नवी वाट म्हणजे बोटींना आत येता यावं म्हणून खडक सुरुंगाने फोडला ती जागा. पोवळं मेलं, त्यावर शेवाळ आलं, शेवाळ खाऊन मासे विषारी झाले. एरेती हेच सांगत होती. दोन वर्षं. गावातली चार पोरं पायातलं बळ जाऊन काठीवर चालत होती. पण त्या वाटेवर तराइयाच्या घराण्याचा हक्क, आणि तिथला मासा बर्फाच्या कारखान्यात जायचा. आजच दुपारी मानेआबात, गावाच्या सभाघरातल्या बैठकीत, वाट बंद करायची की नाही ते ठरणार होतं. तराइया नाही म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कारखान्याचा मॅनेजर बुराने बर्फाच्या लाद्यांवर भुसा टाकत होता.

"ये, सार्जंट. बेड्या आणल्यास का? सगळं गाव म्हणतंय मीच."

"तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, एरेती मेली असती तर मला दोन दिवस नाचावंसं वाटलं असतं. तिच्या अहवालाने माझा कारखाना बसेल. पण म्हातारा? म्हातारा माझा देव होता."

"पातेलं एरेतीच्या दारात होतं. म्हणजे मारायचं तिलाच होतं."

"असं म्हणतात खरं." बुरानेने फावडं टेकवलं. "पण मला मारायचं असतं तर मी मासा घालीन? ती आमचा मासा खाते कुठे! स्वतःचं रक्त कोरं ठेवायचंय म्हणे, आमच्या घाणेरड्या रक्ताशी ताडून बघायला. दोन वर्षं डब्यातलं खाते. डबे बोटीवरून मीच उतरवतो. पोरं तिला डबाराणी म्हणतात."

"तुझ्याकडे उंदराचं औषध आहे?"

"आहे की. सगळ्यांकडे आहे. तुझ्या पोलीस चौकीतही आहे, कोपऱ्यात, निळ्या डब्यात. जा, स्वतःला पकड."

*

एरेती तिशीची. आईबाप तेरावाचे, पण ती वाढली दूर सुवा शहरात, शिकली तिथेच. तिच्या झोपडीत छपरावरच्या सौर पत्र्यांवर चालणारा मोठा शीतपेटारा, टेबलावर नळ्या, कोपऱ्यात रिकाम्या डब्यांची उतरंड.

"बसा, दादा. चहा?"

"नको. पातेलं कुणी ठेवलं?"

"माहीत नाही. रक्ताचे नमुने गोळा करून आले तर दारात होतं. झाकलेलं."

"उघडून बघितलंस?"

"नाही. तेवढ्यात आजोबा आले. मागितलं."

"आणि तू दिलंस."

"नाही कशी म्हणणार?" तिने कौतुनाच्या डोळ्यात बघितलं. "तुम्ही म्हणाला असता?"

"नसतो म्हणालो." त्याने पेटारा उघडला. वाफ बाहेर आली. पिशव्यांत मासे. सगळ्यात खाली मांडीएवढी जाड वाम, जबडा वासलेला. पोट गळ्यापासून शेपटीपर्यंत चिरलेलं.

"नव्या वाटेतली?"

"हो. तपासायला कापली. ती सगळ्यात वाईट. तुकडा खाल्ला तर माणूस महिनाभर झोपून राहील."

"मरणार नाही?"

"मांसाने बहुतेक नाही," ती म्हणाली आणि नळ्या नीट लावू लागली.

"तुला भीती नाही वाटत? कुणीतरी तुला मारायला टपलंय."

"वाटते ना. म्हणून तर बोटीची वाट बघतेय. पण आजची बैठक झाल्याशिवाय जाणार नाही." तिचा आवाज जरा चढला. "आजोबा गेले. पण आज तरी ते ऐकतील."

बाहेर आल्यावर वायरलेस बोलला. तेवेया. "कौतुना, ठोके आणखी दूर गेलेत. काय ते बोल."

कौतुना विहिरीपाशी उभा राहिला. त्याला आता बरंचसं कळलं होतं. परत आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, पोरीनेही खाल्लंय. ती बोलली असती. पण दोघांतच बोलली असती, आणि उद्या तोंड फिरवलं असतं. साक्षीला कोण? विहीर? मासा म्हणून सांगावं, तर माशात कुणी औषध कालवलं नसेल कशावरून?

मानेआबात सगळं गाव असणार. एकदाच. पक्कं.

"थोडं थांब," तो वायरलेसवर म्हणाला.

*

मानेआबात आधी पाहुण्याला फुलांचा मुकुट, मग जेवण, मग बोलणं. म्हातारे चटयांवर रांगेने बसले. कौतुनासमोर सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं आलं. त्याने दोनदा घाई केली. एका म्हाताऱ्याने हात वर केला. "खाऊन घे, पोरा. उपाशी माणसाचं इथे कुणी ऐकत नाही."

तो खात राहिला. ऊन खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं.

शेवटी त्याने हात पुसले.

"तुम्ही सगळे म्हणता, एरेतीला मारायचं होतं. चुकून आजोबा गेले. मला सांगा, तुमच्यातला कोण तिच्या दारात ताजा मासा ठेवील?"

"कुणी नाही," बुराने ओरडला. "डबाराणी ती!"

"बरोबर. तिला मारायला मासा वापरायचं कुणाच्या डोक्यातच येणार नाही. म्हणजे मारायचं तिला नव्हतंच. त्या दारावरून रोज कोण जातं? दिसेल ते कोण मागतं? पातेलं दारात ठेवणाऱ्याला पक्कं माहीत होतं की ते कुणाच्या हातात जाणार."

कौतुनाने दुसरं बोट उचललं.

"दुसरं. आजोबा नव्या वाटेचा मासा मांजराला दिल्याशिवाय तोंडात घालत नसत. काल म्हणाले, गरज नाही. का? या बेटावर असं एकच घर आहे जिथून आलेला मासा तपासलेलाच असणार. तोंडाने ते एरेतीची टिंगल करायचे. म्हणायचे, हिच्या यंत्रापेक्षा माझं मांजर बरं. पण मनातून त्यांचा तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासानेच त्यांना मारलं."

एरेती खांबापाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, गोष्ट छान आहे. पण मी पातेलं उघडलंही नाही. कुणीही ठेवलं असेल. उंदराचं औषध घालून ठेवलं असेल."

"असेल," कौतुना म्हणाला. "म्हणून तर तुला विचारतोय. कारण आजोबांकडे कुणीतरी मागितलं."

"काय?"

"पातेल्यातलं. नातीने मागितलं. आजोबांनी दिलं. रोटिया दवाखान्यात आहे. पहाटेपासून."

मोआनिबा आजीच्या हातातला पंखा खाली पडला.

एरेती उठून उभी राहिली. तोंडावरचा रंग उतरला. "किती? किती खाल्लं तिने? मांस खाल्लं की कलेजी? दादा, काळा तुकडा होता, तो खाल्ला का तिने?"



"पातेलं तू उघडलंच नव्हतंस," कौतुना हळू म्हणाला.

"वामीची कलेजी!" ती किंचाळली. "औषधबिषध काही नाही, नुसती कलेजी! तेवेयाला सांगा, बाटली लावायला सांगा, आत्ता!"

कौतुनाने वायरलेस तोंडाला लावला. "तेवेया. मासा. वामीची कलेजी. दुसरं काही नाही. लाव."

खरखर.

"तेवेया?"

"ऐकलं," तेवेया म्हणाला. "तुमची फुलं घालून झाली का? मघाशीच गेली ती. तिची आई अजून पाय धरून बसलीय. मी तिला सांगितलं, झोपलीय."

एरेती गुडघ्यावर आली. "चार पोरं काठीवर चालतात," ती जमिनीला सांगत होती. "दोन वर्षं सांगतेय. कुणी मेल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही. एक म्हातारा. मला वाटलं, एक म्हातारा. पोरांसाठीच केलं मी."

"मागायचं कसं ते शिकलीस," म्हाताऱ्यांतला एकजण म्हणाला. "मागून आणलेलं पुढे आणखी कुणी मागतं, ते नाही शिकलीस. तिकडे वाढलीस ना."

एरेतीने मान वर केली. पण बघितलं ते कौतुनाकडे.

"पहाटेपासून माहीत होतं तुला. माझ्या झोपडीत आलास. चहा नको म्हणालास. तेव्हाच विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं मी."

कौतुनाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट तसाच होता. समोर ताटात माशाच्या डोक्याचे काटे. भुरं मांजर कधी आलं कुणास ठाऊक, ताटाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत होतं.

मोआनिबा आजी उठली. सावकाश चालत त्याच्यासमोर आली. सगळं गाव बघत होतं.

"मला तुझ्याकडे काही मागायचंय, पोरा."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "माग, आजी."

"हिला बांध, नाहीतर सोड, ते तुझं तू बघ. मला एवढंच दे. माझ्या लेकीला तू जाऊन सांग, रोटिया झोपलेली नाही. आणि सांग, तू कुठे होतास, काय खात होतास. सगळं सांग. फुलं काढू नकोस."

इथे मागितलं की नाही म्हणता येत नाही.

कौतुना उठला. म्हाताऱ्यांनी त्याला वाट करून दिली. मुकुट डोक्यावर ठेवूनच त्याने मोटरसायकल सुरू केली.