बंद दाराआडची बॅच

आधीच सांगते, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, लाइट गेले नव्हते, कुत्रंबित्रं काही रडत नव्हतं. रविवारची लख्ख दुपार होती आणि मी पूर्ण शुद्धीत होते. वैतागलेली होते, पण शुद्धीत.

हे माझ्याच बाबतीत घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

मी पीएचडी करत होते. कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला आमची लॅब. काम काय, तर निकेलचे कण बनवायचे. इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. ते धातूच्या जाळीवर लेप देऊन बसवायचे, की झालं इलेक्ट्रोड तयार. कण जितके बारीक आणि सुटे, तितकी वीज जास्त साठते.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

हिरवं सोल्युशन गरम करायचं, त्यात थेंब थेंब दुसरं केमिकल सोडायचं आणि ढवळत राहायचं. ढवळायला फ्लास्कमध्ये बोटाच्या पेराएवढं चुंबक टाकतात. खालचं मशीन लावलं की ते गरगर फिरतं.

आता निकेल चुंबकाला चिकटतं, हे कुणीही सांगेल. दर वेळी चुंबकाला काळी दाढी फुटायची आणि बाकीचा माल गाळ होऊन तळाशी बसायचा. मी सरांना विचारलं, हाताने ढवळू का?

"हाताने ढवळणं म्हणजे स्वयंपाक," सर म्हणाले. "मशीनचा स्पीड वाढव."

वाढवला. गाळ. मग त्यांच्या नकळत हाताने ढवळून पाहिलं. तरी गाळच!

चार वर्षं अशी पाण्यात गेली. शेवटी सरांनी तोंडावर सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत एक धड बॅच दाखव. नाहीतर विषय बॅटरीला देतो."

बॅटरी म्हणजे लॅबमधला माझा मित्र. जाड चष्म्यामुळे हे नाव पडलेलं. विषय त्याच्याकडे गेला की माझी डिग्री बोंबलली. आईला काय तोंड दाखवणार होते मी?

त्या रविवारी लॅबमध्ये मी एकटीच होते. चुंबक टाकलं, मशीन लावलं, थेंब सुरू केले आणि शेजारच्या खोलीत भांडी धुवायला गेले. चुंबक काचेला लागून कटकट वाजतं. तो आवाज मला भिंतीपलीकडून येत होता.

आणि तो थांबला...

धावत आले. मशीन चालूच होतं. पण फ्लास्कमध्ये चुंबक नव्हतं.

ते बाजूला टिश्यू पेपरवर होतं. स्वच्छ पुसलेलं. कोरडं.

आणि फ्लास्कमधलं सोल्युशन... अजून फिरत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरीला फोन लावला. "हे कसले फालतू चाळे रे? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"अगं, मी बहिणीकडे आहे. कसले चाळे?" मागे त्याच्या भाच्यांचा धिंगाणा ऐकू येत होता.

चुंबक परत टाकलं. टिश्यू घ्यायला वळले.

टिंग...

काचेची दांडी काचेवर वाजते ना, तो आवाज. एक फेरा, एक टिंग. सावकाश, सवयीच्या हाताने कुणीतरी ढवळत होतं.

माझ्या पाठीमागे. अगदी हातभर अंतरावर.

वळायची हिंमत होईना. उभ्या उभ्या घाम फुटला. आवाज बंद झाल्यावर केव्हातरी वळले... कुणी नव्हतं. रॅकवरच्या दांडीच्या टोकाला एक काळा थेंब लोंबत होता. चुंबक पुन्हा टिश्यूवर.

फ्लास्कमध्ये मात्र शाईसारखं एकसारखं काळं सोल्युशन. तळाशी जरासुद्धा गाळ नाही.

पळून जायला हवं होतं, कळतंय मला. पण खरं सांगू? आधी आनंदच झाला. चार वर्षांनी एकदा तरी जमलं होतं. मग रडू आलं, कारण ते मी केलं नव्हतं.

त्या मालाचं इलेक्ट्रोड केलं. आठवडाभर चार्ज, डिस्चार्ज, चार्ज, डिस्चार्ज. पठ्ठ्याची साठवण जराही घटली नाही. आकडे बघून सर खुर्चीतून उठलेच. "परत कर. आता माझ्यासमोर."

सरांसमोर केलं. गाळ. परत केलं. परत गाळ. सर घड्याळाकडे बघत होते आणि मी त्या फ्लास्कला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

त्या संध्याकाळी बॅटरीने मला जिन्यात गाठलं. "तुझ्याआधी हा विषय एका ताईकडे होता. ती हट्टाने हातानेच ढवळायची. सरांनी तिच्याकडून काढून घेतला आणि तुला दिला."

"वारली का रे ती?"

"छे गं! चांगली धडधाकट आहे. शिकवण्या घेते."

नंबर मिळवून तिला फोन केला. वाटलं, चिडेल. पण ती शांतपणे म्हणाली, "मी त्या लॅबचं आता नावही काढत नाही बाई. फक्त..."

"फक्त काय, ताई?"

"दुपारी डोळा लागला ना, की उठल्यावर उजवा हात भरून आलेला असतो. जसं काही तासन् तास ढवळत होते."

मी फोन ठेवला. भूत मेलेल्या माणसाचंच असतं, असं आजवर वाटायचं मला.

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारीच सगळी मांडणी केली आणि सरांना म्हटलं, "सर, फक्त एकदा बाहेर थांबू या. दार लावून."

"वेड लागलंय का तुला?" म्हणाले, पण आले. बॅटरीही होता. आम्ही तिघं बोळात. आत चिटपाखरू नाही.

चुंबकाची कटकट चालू होती...

थांबली.

टिंग...

टिंग...

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तो आवाज त्यांनी ओळखला होता. शपथेवर सांगते, ओळखला होता.

आवाज बंद झाल्यावर दार उघडलं. फ्लास्कमध्ये शाईसारखं काळं. एक नंबर बॅच!

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. "पाइपचा आवाज असेल. आणि बंद दाराआड झालेली बॅच मी धरत नाही."

"सर, समोर ठेवलीय की हो!"

"कुणी केली?"

काय सांगणार? विषय गेला.

घरी आले. आईने नुसतं ताट वाढलं, तेच जास्त लागलं. दिवसभर नुसती चिडचिड. दुपारी मात्र मेल्यासारखी झोपायला लागले. आधी कधीच झोपत नसे.

मागच्या आठवड्यात आईने मला गदागदा हलवून उठवलं. "अगं, केव्हाचा फोन वाजतोय! किती हाका मारायच्या?"

बॅटरी होता. कुजबुजत होता. "मी लॅबबाहेर बोळात उभा आहे. आत दोघी आहेत."

"दोघी?"

"एक ढवळतेय. दुसरी तिच्यावर खेकसत होती... 'हळू गं, हळू, गाळ होईल.' तुझा आवाज होता तो. आणि तू फोन उचललास, तसा बंद झाला."

फोनमधून मला ऐकू येत होतं.

टिंग... टिंग...

"काय करू मी?" त्याने विचारलं.

"दार उघडू नकोस," मी म्हटलं. "सरांना आत सोडू नकोस. अर्ध्यात मोडलं तर सगळं पाण्यात जाईल."

हे मी का बोलले, माहीत नाही. बोलून गेले.

त्या दिवसापासून ठरवलंय, दुपारी झोपायचं नाही. चहावर चहा पिते, उभी राहते, फेऱ्या मारते. आई म्हणते, दमलीस, पड जरा. मी तिच्यावरच ओरडते.

पण खरं सांगू? जेवणं झाली की मीच हळूच उशी ओढते. तिकडे जायला मिळेल म्हणून. आणि मला भीती वाटते ती याचीच.